नागपूरने उघडलेले दार
१९३८ चे निष्कासित विद्यार्थी आणि विद्यापीठ-प्रवेशाचा प्रश्न

निजामी राजवटीत बीदर आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांतील मुलांना उच्च शिक्षणाची वाट मुळातच अरुंद होती. बीदरला महाविद्यालय नव्हते. गुलबर्ग्यास इंटरमीजिएट कॉलेज होते. पण तेथील शिक्षण संपले की पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. घरची शेतीवाडी, सावकाराचे देणे आणि मुलाची हुशारी यांचा मेळ घालूनच एखादा बाप मुलाला एवढ्या लांब धाडण्यास राजी होई. अशा काळात, १९३८ च्या हिवाळ्यात, हैदराबाद संस्थानातील शेकडो विद्यार्थ्यांनी एका गीतासाठी ही अरुंद वाटही गमावली. त्यांच्यापैकी अनेकांना परप्रांतातील एका विद्यापीठाने जवळ केले. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या प्रकरणाला ‘वंदे मातरम् चळवळ’ या नावाने स्थान मिळाले आहे. चळवळीचा राजकीय भाग पुष्कळदा सांगितला जातो. शैक्षणिक भाग मात्र एखाद्या ओळीत आटोपला जातो. वास्तविक त्या भागात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे आणि तो विद्येच्या प्रत्येक घराला केव्हा ना केव्हा सोडवावा लागतो. दारात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याचे मागील चरित्र किती पाहावे आणि त्याची पुढील योग्यता किती पाहावी, हा तो प्रश्न होय. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

उस्मानियाची दोन रूपे

उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली आणि १९१९ मध्ये अध्यापनास प्रारंभ झाला. भारतीय भाषेतून सर्व विषयांचे उच्च शिक्षण देण्याचा हा देशातील पहिला मोठा प्रयोग होता. इंग्रजी हा विषय सक्तीचा असला तरी इतिहास, गणित, पदार्थविज्ञान, कायदा हे सारे उर्दूतून शिकविले जाई. त्यासाठी खास भाषांतर-विभाग स्थापन करण्यात आला. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे थोर विद्वान त्याच्या कार्याशी निगडित होते. त्रिकोणास ‘मुसल्लस’, कोनास ‘जाविया’ अशा परिभाषेतून तेथे भूमिती शिकविली जात असे. ब्रिटिश हिंदुस्थानातील विद्यापीठे इंग्रजीच्या कुबड्यांवर चालत असताना एका संस्थानाने हे धाडस केले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

परंतु या प्रयोगाची दुसरी बाजू संस्थानच्या लोकसंख्येकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. संस्थानात निम्म्याच्या जवळपास प्रजा तेलुगू बोलणारी होती. सुमारे चौथा हिस्सा मराठी आणि त्याहून कमी कानडी बोलणारा होता. उर्दू ही मातृभाषा असलेले लोक दहांत एखादा. म्हणजे भारतीय भाषेतून शिक्षण देणारे हे विद्यापीठ बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने परभाषेतूनच शिकविणारे होते. भालकी किंवा हुमनाबादच्या ज्या मुलाच्या घरात मराठी आणि बाजारात कानडी असे, त्याने आधी उर्दूत मुरावे, मगच विद्यापीठाच्या पायरीवर पाय ठेवावा, अशी ही व्यवस्था होती. इंग्रजी माध्यमाचे निजाम कॉलेज होते; ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. पण ते राजधानीत होते आणि तेथे पोहोचणारी ग्रामीण मुले थोडीच.

एका दाराने ज्ञान लोकभाषेजवळ आणावयाचे आणि दुसऱ्या दाराने बहुसंख्य लोकभाषांना बाहेर ठेवावयाचे, अशी ही विसंगती होती. ती ध्यानात घेतल्याखेरीज १९३८ मधील असंतोषाची खोली कळत नाही.

बिनमान्यतेचे विद्यार्थी

ज्यांना ही व्यवस्था मानवत नव्हती त्यांनी आपल्यापुरत्या पर्यायी वाटा शोधल्या होत्या. १९०७ मध्ये गुलबर्ग्यास नूतन विद्यालय आणि हैदराबादेत विवेकवर्धिनी या संस्था उभ्या राहिल्या. वकिलीच्या निमित्ताने गुलबर्ग्याशी संबंध आलेले केशवराव कोरटकर हे या शैक्षणिक जागृतीमागील प्रमुख पुरुष होत. पुढे १९२४ च्या सुमारास खासगी शाळांवर सरकारी परवानगीचे कडक निर्बंध आले आणि अशा शाळा चालविणे दुर्घट झाले. जेथे शाळेलाच मान्यतेचे वांधे, तेथे तिच्या विद्यार्थ्याच्या दाखल्याची किंमत काय राहणार?

या पिढीतील कितीतरी कर्त्या माणसांचे शिक्षण, रूढ मापाने मोजावयाचे तर, ‘अनधिकृत’ ठरेल. केशवरावांचे चिरंजीव विनायकराव हे कांगडीच्या गुरुकुलाचे स्नातक. ‘विद्यालंकार’ ही त्या गुरुकुलाची पदवी त्यांनी आडनावासारखी मिरविली. पुढे ते बॅरिस्टर झाले आणि हैदराबाद राज्याचे मंत्रीही झाले. स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, यांचे घराणे याच सीमाभागातले. १९२० च्या असहकारात त्यांनी सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरविली आणि अमळनेर व पुणे येथे राष्ट्रीय शिक्षण घेऊन टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची एम. ए. ही पदवी मिळविली. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पदवीला सरकारदरबारी मोल नव्हते. त्या विद्यापीठास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९८७ मध्ये. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठासही कायदेशीर मान्यतेसाठी स्वातंत्र्योत्तर काळापर्यंत वाट पाहावी लागली.

याच्याही आधी, तळेगावचे समर्थ विद्यालय १९१० मध्ये सरकारने बंद पाडले, तेव्हा तेथील मुलांपुढेही हाच प्रश्न होता. बंगालमध्ये १९०५ च्या कार्लाइल परिपत्रकाने चळवळीत पडणाऱ्या विद्यार्थ्यांवर आणि त्यांच्या शाळांवर कारवाईची तलवार टांगली होती. शाळा ही राजनिष्ठेची तालीम आहे असे एकदा राज्यकर्त्यांनी मानले की विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेपेक्षा त्याच्या वर्तनाची नोंदवही महत्त्वाची ठरते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात हिंदुस्थानातील विद्यार्थी या नोंदवहीच्या छायेतच शिकत होता.

१९३८ चा हिवाळा

१९३८ हे वर्ष हैदराबाद संस्थानात विलक्षण अस्वस्थतेचे होते. सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर बंदी घालण्यात आली. ऑक्टोबरात तिने सत्याग्रह सुरू केला. आर्य समाजाचा लढाही त्याच सुमारास पेटला. बीदर जिल्ह्यात, आणि त्या वेळी बीदर जिल्ह्यातच मोडणाऱ्या उदगीर भागात, आर्य समाजाचे कार्य जोमाने चालले होते. भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल या बंधूंनी ते उभे केले होते. त्यांपैकी श्यामलाल यांचा १९३८ च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात अंत झाला. त्या वार्तेने सारा प्रदेश हादरला.

याच वातावरणात नोव्हेंबर १९३८ मध्ये विद्यार्थ्यांचे प्रकरण उद्भवले. उस्मानियाच्या वसतिगृहातील हिंदू विद्यार्थी आपल्या प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. विद्यार्थ्यांनी संप पुकारला. औरंगाबाद, गुलबर्गा, वरंगळ येथील शिक्षणसंस्थांत त्याचे पडसाद उमटले. शेरवानीच्या सक्तीसारखी पोषाखाची जुनी सलही यावेळी वर आली. विद्यार्थ्यांकडून हे गीत न म्हणण्याची हमी मागण्यात आली. ती देण्याचे नाकारणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले.

येथे एक गोष्ट निःपक्षपातीपणे नोंदविली पाहिजे. बंकिमचंद्रांचे हे गीत त्या काळी वादातीत नव्हते. ‘आनंदमठ’ या कादंबरीतील त्याचा संदर्भ आणि त्यातील देवीस्वरूप मातेची कल्पना यांस अनेक मुसलमानांचा आक्षेप होता. खुद्द काँग्रेस कार्यकारिणीने १९३७ च्या ऑक्टोबरात त्याची पहिली दोनच कडवी राष्ट्रीय प्रसंगी म्हणावीत असे ठरविले होते. तेव्हा एका संमिश्र वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांपुढे सलोख्याचा प्रश्न होता, हे अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु असा प्रश्न सामोपचाराने सोडविण्याचे अनेक मार्ग असतात. वेळ ठरवून देता येते, जागा ठरवून देता येते, दोन्ही बाजूंच्या मुलांना समोरासमोर बसविता येते. गीत म्हणण्याबद्दल विद्यार्थ्याचे सारे शिक्षणच संपुष्टात आणणे ही शिक्षा अपराधाच्या मानाने कितीतरी पटींनी मोठी होती.

दाखल्याची ताकद

ही शिक्षा एवढी मोठी का ठरली, हे समजण्यासाठी विद्यापीठांचा आपसांतील व्यवहार पाहिला पाहिजे. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जावयाचे तर विद्यार्थ्याला पहिल्याचा दाखला लागतो. त्यात उत्तीर्ण परीक्षांबरोबर वर्तणुकीचाही उल्लेख असतो. एकाने शिस्तभंगासाठी काढलेल्या विद्यार्थ्यास दुसऱ्याने घेऊ नये, असा संकेत विद्यापीठे पाळीत. उस्मानियाने निष्कासित विद्यार्थ्यांना अन्यत्र प्रवेश मिळू नये यासाठी इतर विद्यापीठांना कळविले आणि अनेकांनी या मुलांना दारातूनच परत पाठविले. म्हणजे हैदराबादेतील एका कचेरीत झालेली सही मद्रासपासून काशीपर्यंतच्या दारांना कडी घालू शकत होती.

या संकेताच्या मागे काहीच तथ्य नव्हते असे नाही. परीक्षेत लबाडी करणारा किंवा सहाध्यायावर हात उगारणारा विद्यार्थी जर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या महाविद्यालयात उजळ माथ्याने बसू लागला, तर शिस्तीला अर्थ राहणार नाही. दोष संकेतात नव्हता. तो डोळे मिटून पाळण्यात होता. ‘कोणी काढले’ एवढेच पाहावयाचे आणि ‘कशासाठी काढले’ हे पाहावयाचेच नाही, अशा रीतीने तो पाळला गेला की स्वीकारणारी संस्था आपली विवेकबुद्धी काढणाऱ्या संस्थेकडे गहाण टाकते.

याचे सर्वांत बोलके पूर्वोदाहरण कलकत्त्याचे आहे. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक ओटन यांच्यावर हल्ला झाला आणि त्या प्रकरणी सुभाषचंद्र बोस या विद्यार्थ्यास काढून टाकण्यात आले. त्यांचा विद्यार्थिदशेचा बहुमोल काळ वाया गेला. १९१७ मध्ये स्कॉटिश चर्च कॉलेजचे प्राचार्य अर्कहार्ट यांनी त्यांना तत्त्वज्ञानाच्या वर्गात घेण्याची तयारी दाखविली; मात्र प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांची हरकत नसल्याचे पत्र आणण्याची अट घातली. थोरले बंधू शरच्चंद्र यांनी ते पत्र मिळविले आणि सुभाषबाबूंचा खंडित झालेला अभ्यास पुन्हा सुरू झाला. येथे दार उघडले. पण ज्याने काढले त्याच्याच संमतीने उघडले. हैदराबादच्या मुलांना अशी संमती मिळण्याची आशा नव्हती. त्यांच्यासाठी कोणीतरी संमतीवाचून दार उघडणे आवश्यक होते.

नागपूरचा निर्णय

ते काम नागपूरने केले. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली होती. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे त्याचे क्षेत्र होते आणि जबलपूरपासून अमरावतीपर्यंतची महाविद्यालये त्याच्या छत्राखाली होती. मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या या विद्यापीठास संमिश्र विद्यार्थिवर्गाची सवय होती. १९३८ मध्ये टी. जे. केदार तेथे कुलगुरू झाले होते. हैदराबादच्या निष्कासित विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे त्यांच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा इतरत्र मिळालेल्या नकारांचा आधार घेऊन हात झटकणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. या मुलांना नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत प्रवेश देण्यात आला.

या निर्णयाचे मोल दोन कारणांनी मोठे आहे. पहिले असे की, त्याने कोणाच्या अंगावर गुणांची खिरापत उधळली नाही. परीक्षा, अभ्यासक्रम, उपस्थिती यांतून कोणालाही सूट नव्हती. विद्यार्थी म्हणून सिद्ध होण्याची संधी दिली गेली, एवढेच. दुसरे असे की, विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठाचा निवाडा आपल्या न्यायासनासमोर नव्याने तपासला आणि त्यात शैक्षणिक अपात्रतेचा लवलेश नाही असे मानले. संस्थेची स्वायत्तता हा शब्द आज फार स्वस्त झाला आहे. त्या शब्दाचा खरा अर्थ या कृतीत सापडतो.

प्रवेश मिळाला, तरी पुढची वाट सोपी नव्हती. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पुरा झाल्याने निजामाच्या मुलखातून नागपूरला थेट जाता येऊ लागले होते. पण आगगाडी सोयीची असली तरी तिकिटाचे पैसे, परक्या शहरातील खानावळ आणि भाड्याची खोली यांचा भार होताच. त्याहून मोठी अडचण अभ्यासाची. नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा इंग्रजीतून होत. आतापर्यंत उर्दू परिभाषेतून शास्त्रे शिकलेल्या मुलास ‘मुसल्लस’ आणि ‘जाविया’ विसरून तीच भूमिती नव्या शब्दांत बसवावयाची होती. घरची भाषा मराठी, कानडी किंवा तेलुगू, शाळेची उर्दू, आणि आता परीक्षेची इंग्रजी. अशा तीन भाषांच्या तीन पायऱ्या एका तरुण वयात चढाव्या लागलेली ही पिढी होती. तिच्या पुढील बहुभाषिकतेचे कौतुक करताना त्या कौतुकामागची यातायात विसरता कामा नये.

निर्णयाचे फलित

या विद्यार्थ्यांतील सर्वांत विख्यात नाव पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांचे. वरंगळ भागातील हा सतरा वर्षांचा विद्यार्थी चळवळीत पडल्यामुळे शिक्षणाला मुकला. नागपूरने त्यास घेतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात विज्ञानाची आणि नागपुरात कायद्याची पदवी त्यांनी मिळविली. १९४७-४८ मध्ये चांद्याच्या सरहद्दीवरील शिबिरात राहून त्यांनी मुक्तिसंग्रामात भाग घेतला. स्वामी रामानंद तीर्थांना ते गुरुस्थानी मानीत. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९८४ आणि १९८९ मध्ये नागपूर जिल्ह्यातील रामटेक मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले आणि १९९१ ते १९९६ या काळात ते देशाचे पंतप्रधान होते. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले.

मात्र या एका नावावरून निर्णयाचे समर्थन करणे योग्य नव्हे. निष्कासितांतील एकही विद्यार्थी मंत्री झाला नसता, तरी नागपूरचा निर्णय तितकाच योग्य ठरला असता. ज्या शेकडो मुलांना शिक्षण सोडावे लागले होते, त्यांच्यापैकी कोणी पुढे वकील झाला, कोणी गावच्या शाळेत मास्तर झाला, कोणी शेतीवर परतला, तर त्यातही समाजाचा लाभच होता. प्रवेशाचे माप प्रसिद्धीने ठरत नाही. ज्याला शिकावयाचे आहे आणि ज्याच्यात शिकण्याची पात्रता आहे, त्याला शिकू दिले की नाही, यावर ते ठरते.

नागपूर दूर पडते, ही गुलबर्गा भागातील पालकांची अडचण मात्र राहिलीच. तिच्यावर काही अंशी उतारा सोलापुरात मिळाला. आर्य समाजाच्या १९३८-३९ च्या सत्याग्रहाचे सोलापूर हे एक प्रमुख ठाणे होते. सत्याग्रह १९३९ च्या ऑगस्टमध्ये थांबला आणि १९४० मध्ये सोलापूरला दयानंद महाविद्यालय उभे राहिले. संस्थानच्या वेशीवर, गुलबर्ग्यापासून आगगाडीने काही तासांच्या अंतरावर, उर्दूची अट नसलेले एक महाविद्यालय निर्माण झाले. चळवळीची धग ओसरल्यावर तिच्यातून एक शिक्षणसंस्था मागे उरली, हे या प्रदेशाचे भाग्य म्हटले पाहिजे.

तत्त्वाची कसोटी

एखादे तत्त्व आपल्या माणसांच्या बाबतीत उचलून धरणे सोपे असते. त्याची कसोटी लागते ती काळ पालटल्यावर. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामी राजवट संपली. रझाकारांच्या अत्याचारांनी होरपळलेल्या प्रजेला मोकळा श्वास घेता आला. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमानांवरही भीषण अत्याचार झाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केलेल्या पाहणीत सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड यांच्याबरोबर गुलबर्गा आणि बीदर यांचीही नावे आहेत. या भागाचा इतिहास लिहिताना ते पान उलटून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही.

विद्यापीठाच्या दारावरही उलथापालथ झाली. उस्मानियाचे उर्दू माध्यम गेले आणि इंग्रजी आले. दहा वर्षांपूर्वी ज्या अडचणीत मराठी आणि कानडी मुले होती, तिच्यात आता उर्दूतून शालेय शिक्षण घेतलेला मुलगा सापडला. त्याचा बाप जुन्या सरकारात कारकून असेल, भाऊ कदाचित रझाकारांच्या नादी लागलेला असेल; घर उद्ध्वस्त झालेले असेल. अशा मुलाने अर्ज आणला तर त्याच्या घराण्याचा झाडा घ्यावयाचा की त्याची गुणपत्रिका पाहावयाची? १९३८ मध्ये जे न्याय्य होते तेच १९४८ मध्येही न्याय्य असले पाहिजे. नाही तर नागपूरचा निर्णय हा न्याय न ठरता केवळ पक्षपात ठरेल. ज्यांनी दार बंद झाल्याचे दुःख भोगले आहे, त्यांच्यावर ते दुसऱ्यासाठी उघडे ठेवण्याची जबाबदारी अधिक असते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आणखी एक पेच निर्माण केला. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हा भाग मुंबई राज्यात गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औरादचा भाग म्हैसूर राज्यात राहिला. पुढे एका बाजूस १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले. दुसऱ्या बाजूस गुलबर्ग्याची महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेली आणि १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ स्वतंत्र झाले. औरादच्या ज्या मुलाला उदगीर जवळचे, तो आता उदगीरमध्ये परराज्याचा ठरू लागला. महाराष्ट्राने वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशात वेगळी तरतूद केली आहे. तिचा लाभ घ्यावयाचा तर पुन्हा दाखलेच लागतात. गावाचा एक आणि मातृभाषेचा एक. फरक एवढाच, की १९३८ मधील दाखला दार बंद करीत होता आणि हा दाखला ते उघडण्यासाठी आहे. कागद तोच, तो कोणत्या हेतूने मागितला जातो, यावर त्याचे पुण्य किंवा पाप ठरते.

दाराशी विचारावयाचे प्रश्न

या सर्व इतिहासातून प्रवेशाविषयी काही मर्यादा स्पष्ट होतात. विद्यापीठाने कोणालाही आणि कसेही घ्यावे, असा त्याचा अर्थ नाही. ज्याच्यापासून सहाध्यायांच्या जिवास धोका आहे किंवा ज्याने परीक्षेचीच अप्रतिष्ठा केली आहे, त्याच्याबाबत सावध राहणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे. पण पूर्वचरित्राची चौकशी करताना तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. घडलेल्या कृत्याचा विद्याभ्यासाशी प्रत्यक्ष संबंध आहे काय? त्याची शिक्षा भोगून झाली आहे काय? आणि निर्णय घेणाऱ्याने तो स्वतःच्या बुद्धीने घेतला आहे, की दुसऱ्याच्या शेऱ्यावर केवळ मोहोर उठविली आहे? या तीन प्रश्नांच्या गाळणीतून गेल्यावर ‘वादग्रस्त’ म्हणून दूर ठेवलेली पुष्कळ मुले ही केवळ विद्यार्थी आहेत असे दिसून येईल.

स्वातंत्र्यानंतर या दिशेने काही पावले निश्चित पडली. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९६ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शाळा अर्धवट सुटलेल्या गृहिणीला, कामगाराला आणि शेतमजुराला पुन्हा पाटी हाती घेण्याची सोय या विद्यापीठांमुळे झाली. तुरुंगांतही अभ्यासकेंद्रे निघाली. ज्या बीदरच्या तुरुंगात १९३८ मध्ये एका कार्यकर्त्याचा अंत झाला, त्याच देशातील तुरुंगांत आज बंदिवान पदवीचा अभ्यास करू शकतात, हा पालट सामान्य नव्हे. तरीही पदोपदी मागितली जाणारी हमीपत्रे आणि चारित्र्याचे दाखले पाहिले, की जुनी नोंदवही अजून पुरती मिटलेली नाही हे जाणवते.

विद्यापीठांच्या या इतिहासाशी ग्रंथालयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. शाळा बंद पडलेल्या, महाविद्यालयाने काढलेल्या आणि खासगी रीतीने परीक्षेस बसणाऱ्या मुलांना ज्या काळी वर्गात जागा नव्हती, त्या काळी सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर ती होती. वाचनालयाने वर्गणी मागितली असेल, पुस्तक वेळेवर परत करण्याची ताकीद दिली असेल. परंतु वाचकाने काल कोणते गीत म्हटले, त्याचा बाप कोणत्या पक्षात होता किंवा त्याला कोणत्या संस्थेने काढले, हे त्याने विचारले नाही. हैदराबाद संस्थानात मराठी ग्रंथालये हीच कित्येकांची पहिली विद्यापीठे ठरली, त्याचे कारण या न विचारण्यात आहे. शंभर वर्षे एखादे ग्रंथालय टिकते ते कपाटांच्या संख्येवर नव्हे. येणाऱ्याच्या हाती आधी पुस्तक द्यावयाचे आणि त्याची पारख त्याच्या वाचनावरून करावयाची, हा शिरस्ता पिढ्यानुपिढ्या सांभाळला म्हणून ते टिकते. टी. जे. केदारांनी नागपुरात जे एकदा केले, ते ग्रंथालयाला रोज सकाळी दार उघडताना करावे लागते.